सहा मिळाले

टोकावडे,
रविवार, १० ऑगस्ट २०२५

हर्षाली,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. नऊ वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या माणसाने एकदम आशीर्वादांची पोतडी सोडू नये, एवढी अक्कल निवृत्तीनंतर आली आहे. अक्षर माझंच, हे तू पाकिटावरूनच ओळखलं असशील. तरी फोडलंस, पुष्कळ झालं.

पत्ता रेश्माने दिला. तिच्यावर रागावू नकोस. लसीकरणाला आपल्या गावात आली होती. मी शाळेच्या ओट्यावर पेपर वाचत बसलेलो. तुझी हॉस्टेलातली मैत्रीण म्हणून मी तिला ओळखलं नाही, तिनेच "काका" म्हणून हाक मारली. मी विचारलं, हर्षाली कशी आहे? तर म्हणाली, कल्याणचं हॉस्पिटल सोडून आयर्लंडला जायचं चाललंय. नर्सच्या इंग्रजी परीक्षेचे बाकी पेपर सुटले, पत्र लिहायच्या पेपरात दोनदा नापास झाली. तिसरी खेप आठ नोव्हेंबरला. मी म्हटलं, कशात चुकते? म्हणाली, "चुकत नाय काका, लिहीतच नाय. पेन धरला की हात थांबतो तिचा. म्हणते, कागदावर लाल दिसतं."

एवढं बोलून ती लस टोचायला गेली आणि मी पेपराची घडी घालून घरी आलो.

म्हणून लिहितो आहे. दुसरं काही कारण नाही. तेहतीस वर्षं झेडपीच्या शाळांत इंग्रजी शिकवलं, तुझं कुठे अडतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. व्याकरण तुझं चांगलं. स्पेलिंग तर माझ्यापेक्षा बरं. तू अडखळतेस ती जोडीच्या क्रियापदांत. दिसायला सख्खी भावंडं, पण एकाच्या जागी दुसरं बसवलं की वाक्य लंगडतं. दर पंधरवड्याला एकेक जोडी पाठवीन. वाच, नको असेल तर चुलीत घाल. उत्तराची अपेक्षा नाही.

आजची जोडी, लाय आणि ले. लाय म्हणजे आपण होऊन पडून राहणं. ले म्हणजे दुसरं काहीतरी ठेवणं, घालणं. आपली लाल कोंबडी कणगीमागे अंडं घालते, तिथे ले. आई ओटीवर पडून आहे, तिथे लाय. घोळ पुढे आहे. काल आई पडून होती असं म्हणायचं झालं, की त्या लायचंच ले होतं. इंग्रजांनी हे मुद्दाम केलं की त्यांचीही आपल्यासारखी तारांबळ उडाली, देव जाणे. तू एवढंच विचारत जा, हे आपोआप झालं की कुणी केलं? पेशंट पडून आहे, लाइंग. सिस्टरने त्याच्या कपाळावर पट्टी ठेवली, लेड.

आई पडून आहे हे नुसतं उदाहरण समजू नकोस. भाताच्या आवणीच्या वेळी बांधावरून पाय सरकला, गुडघा सुजला. मोडलं नाही काही. तू रविवारी फोन करतेस तेव्हा "मी बरी हाय गो" म्हणते ना, ती हीच बरी. आपल्या घरात खरं सांगायची पद्धतच कमी.

कळावे,
तुझे वडील


टोकावडे,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

हर्षाली,

उत्तराची अपेक्षा नाही असं मी लिहिलं होतं. तरी पोस्टमनची सायकल दिसली की मी चप्पल घालतो. तो बिचारा लांबूनच हात हलवतो, "नाय गुरुजी, आज पण नाय."

आता हिअर आणि लिसन. हिअर म्हणजे कानावर पडणं. त्याला काही करावं लागत नाही, कान असले की झालं. लिसन म्हणजे कान देणं. आपल्या भाषेत दोन्हीला ऐकणंच म्हणतात, म्हणून आपली माणसं हटकून चुकतात. नुसती लिहिताना नव्हे.

हरेशची गंमत सांगतो. तुझ्याच शाळेतला, तुझ्या पुढे दोन वर्षं, आता माळशेजच्या रस्त्यावर त्याचा ढाबा चालतो. शनिवार-रविवारी धबधब्यांना जाणारी मंडळी येतात म्हणून त्याने इंग्रजी पाटी रंगवून घेतली, 'हॉट टी मेक्ड हिअर'. मेक्ड! अगं, माझ्या हाताखालून गेलेला पोरगा! तीन वर्षं जाता-येता मी त्याला सुनावतो आहे, हरेश, मेक्ड नाही रे गाढवा, मेड. परवा रंगाचा डबा घेऊनच गेलो. तर हसून म्हणतो, "गुरुजी, तीन वर्सं झाली, तुमी पाटीच वाचताव. चाय कवा पिणार?"

खरंच, मी त्याच्याकडचा चहा कधी प्यालोच नव्हतो. बसलो, प्यालो. आलं घालून चांगला करतो. पाटी तशीच राहिली.

तुझी हॉस्टेलची पत्रं मी अशीच वाचली असं तू म्हणशील. म्हण. दर आठवड्याला घरी पत्र, तेही इंग्रजीतच, हा नियम माझा. पत्र आलं की लाल पेनाने तपासायचं, दहापैकी मार्क द्यायचे आणि उलट टपाली तुला परत पाठवायचं, हाही माझाच. तेव्हा वाटायचं, केवढी शिस्त लावतोय पोरीला. तुझं ते शेवटचं पत्र, नाशिकहून दिवाळीच्या तोंडावर आलेलं, मी घाईत वाचलं असावं. सहामाहीचे पेपर तपासायचे होते. त्या गठ्ठ्यातच तेही तपासलं गेलं.

आईचा गुडघा उतरतो आहे. काठी घ्यायला तयार नाही. म्हणते, काठी धरली की म्हातारी दिसन.

तुझे वडील


टोकावडे,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

हर्षाली,

तुझं पाकीट मिळालं!

आत चिठ्ठी नाही, मायना नाही, सही नाही. परीक्षेच्या सरावाचं एक पत्र, बस. पण तुझं अक्षर. 'वाय'ची शेपटी अजून तशीच डावीकडे वळते. मी पोस्टमनला चहा पाजला, त्याला कारण कळलं नाही.

आता जे झालं ते सांगतो, हसू नकोस. पाकीट फोडलं आणि माझा हात खिशात गेला. निवृत्त होऊन सात वर्षं झाली, खिशात लाल पेन अजून आहे. जित्याची खोड म्हणतात ती हीच. टोपण काढून पहिल्या ओळीवर टेकवणार, तेवढ्यात आई ओटीवरून ओरडली, "आधी वाचा तरी! काय लिवलंय पोरीनं?"

हर्षाली, हा प्रश्न ती नवा विचारत नव्हती. हॉस्टेलातून तुझं पत्र आलं की दर वेळी ती हात पुसत यायची आणि हेच विचारायची. तिला इंग्रजी येत नाही. आणि मी दर वेळी काय सांगायचो, माहीत आहे? "आठ मिळाले." "साडेसात मिळाले." ती म्हणायची, "बरं," आणि परत चुलीकडे जायची. दीड वर्षं तुझ्या आईने तुझी पत्रं मार्कांत ऐकली.

या वेळी मी पेन खाली ठेवलं आणि तिला ओळ न् ओळ मराठीत करून सांगितलं. एक बाई आहे, वय बासष्ट, घरी एकटी असते. बागेत पाय घसरून पडली. गुडघ्याला मार आहे, रात्री झोप लागत नाही, जेवण कमी झालंय. सिस्टर डॉक्टरांना कळवते आहे की हिच्याकडे लक्ष द्यावं.

आई ऐकत होती. मग म्हणाली, "मंग फुडं काय झालं त्या बायचं? न्यायला कोन आलं का तिला?"

मी म्हटलं, अगं, खरी नाही ती. परीक्षेतली आहे.

"खोटी कशी? माझ्या पोरीनं लिवलंय ना?" आणि वर, "तिला म्हनावं, शेक द्यायला सांग. आणि एकटी ठेवू नका."

तर तुझ्या पेशंटला तुझ्या आईचा निरोप असा आहे.

चुका चार आहेत. वेगळ्या कागदावर शिसपेन्सिलीने लिहून सोबत जोडल्या आहेत. तुझ्या कागदाला मी हात लावलेला नाही, जसा आला तसा कपाटात ठेवलाय. एक चूक राइज आणि रेजची. ताप आपोआप चढतो, तिथे राइज. खाट वर उचलून घेतली, तिथे रेज; मागे कुणीतरी लागतं. लेकरू वाढवण्यालाही रेजच म्हणतात. मी तुला शिकवलं असं सगळीकडे सांगत फिरलो, पण रेज केलं ते आईनेच.

एकच सांगतो, पत्र चांगलं आहे. त्या बाईची काळजी वाटते वाचताना. परीक्षकालाही वाटेल.

पुढची जोडी ब्रिंग आणि टेक. ती आज लिहायला घेतली होती. पण राहू दे. पुढच्या खेपेला.

तुझे वडील


टोकावडे,
शुक्रवार, २६ सप्टेंबर २०२५

हर्षाली,

ब्रिंग म्हणजे आणणं, टेक म्हणजे नेणं. बोलणारा जिथे आहे तिकडे आणायचं, तिथून दुसरीकडे न्यायचं. आपल्याकडेही तोच फरक आहे, म्हणून ही जोडी सगळ्यांत सोपी. सहावीतली पोरंही चुकत नाहीत. एवढा सोपा धडा मला अडीच आठवडे लिहिता आला नाही.

मागे मी लिहिलं, तुझं ते पत्र मी घाईत वाचलं असावं. ते खोटं आहे. घाईत नाही वाचलं. दोनदा वाचलं.

तू लिहिलं होतंस, बाबा, नऊ दिवस ताप आहे. दिवसभर पडून असते. मुली दिवाळीला घरी गेल्या, खोलीत मी एकटीच आहे. मॅट्रन ऐकून घेत नाहीत, म्हणतात नाटक करते. फोन रविवारीच मिळतो, आणि फोनवर आईला सांगितलं तर ती रडेल, म्हणून तुम्हालाच लिहिते. तिला सांगू नका. तुम्ही या आणि मला घरी घेऊन चला.

मला सगळं समजलं होतं. आणि मी काय विचार केला तेही सांगतो. मला वाटलं, पोर घर आठवतंय म्हणून वाढवून लिहिते. एकदा आणली की परत जायची नाही. टोकावड्यातून नर्सिंगला गेलेली पहिली मुलगी, गुरुजींची मुलगी, आणि दीड वर्षात पळून आली असं लोक म्हणतील. ताप काय, चार दिवसांत उतरेल. असा सगळा हिशेब करून मी लाल पेन काढलं. तू लाइंगच्या जागी लेइंग लिहिलं होतंस, त्याला गोल केला. शेवटच्या ओळीत 'ब्रिंग मी होम' लिहिलं होतंस, तिथलं ब्रिंग खोडून वर टेक लिहिलं. खाली शेरा मारला, क्रियापदांकडे लक्ष द्यावे. आणि मार्क दिले. दहापैकी सहा.

चुकीचा शब्द दुरुस्त केला आणि तुला आणायला गेलो नाही.

आई हात पुसत आली होती तेव्हाही. "काय लिवलंय?" मी म्हटलं, सहा मिळाले. ती म्हणाली, "कमी झालं वो या टायमाला." मी म्हटलं, हो, लक्ष नाही पोरीचं.

सोमवारी घटस्थापनेच्या सकाळी हे सगळं तिला सांगितलं. नऊ वर्षं तिला वाटत होतं, मी तुला काहीतरी लागेलसं बोललो, म्हणून तू या घरी येत नाहीस आणि तिला मुरबाडला मावशीकडेच भेटतेस. तूही तिला कधी सांगितलं नाहीस. 'तिला सांगू नका' हे तू लिहिलंस आणि तूच पाळलंस.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मी इचारलं व्हतं तुमाला." मग परसातल्या काकड्या पिशवीत भरल्या, ठेवणीतलं नवं लुगडं घेतलं आणि तशीच लंगडत एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. मी मागून गेलो. मुरबाडला गाडी बदलली. दोन्ही गाड्यांत ती माझ्यापासून लांब, बायकांच्या सीटवर बसली. कुठे चाललो ते कंडक्टरला तिने तिकिटासाठी सांगितलं तेव्हा मला कळलं. सापगाव. रेश्माच्या आईकडे. त्या दिवाळीत तू तिथे महिनाभर राहिलीस एवढं तिला मावशीकडून ठाऊक होतं, बाकीचं तिने त्या सकाळी जोडलं.

चंद्रकलाबाईंना मी पहिल्यांदाच पाहिलं. आईने लुगडं त्यांच्या हातात दिलं आणि दोघी दारातच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मी अंगणात उभा. मला कुणी बस म्हटलं नाही, ते बरोबरच होतं.

नंतर चंद्रकलाबाईंनी सांगितलं. रेश्मा दिवाळीला घरी आलेली, तिने हॉस्टेलात फोन लावला तर कळलं, तू उठत नाहीस. त्यांनी दिवाळीच्या करंज्या तळणं अर्धवट टाकलं आणि नाशिकची गाडी धरली. टायफॉइड. अकरा दिवस हॉस्पिटलात त्या तुझ्या खाटेशी बसल्या, मग सापगावला नेऊन महिनाभर पेज पाजली. मी विचारलं, तुम्हाला एवढं कसं कळलं हो? त्या म्हणाल्या, "मला काय कळायचंय गुरुजी? मला वाचता पन येत नाय. पोर आजारी हाय येवढं समजलं, नि गेले."

आणि पुढे त्या जे बोलल्या ते तुला ठाऊकच आहे, पण मला ठाऊक नव्हतं. माझं पाकीट हॉस्टेलातून तुझ्यापर्यंत हॉस्पिटलात पोचलं. "पोरीनं फोडलं, वाचलं, घडी घातली नि उशीखाली ठेवलं. मला वाटलं, घरचं कागद आलं, आता येतील कोनीतरी. दोन दिस मी दाराकडं बघत व्हते."

मी पण ओट्यावर बसून रडलो, हर्षाली. सापगावच्या ओट्यावर, परक्या माणसांपुढे. आई उठली, तांब्या भरून पाणी आणून दिलं आणि माझ्या शेजारी बसली. परतीच्या गाडीतही शेजारीच बसली, पण खिडकीबाहेर बघत.

ते पत्र तू त्यांच्याकडेच टाकून गेलीस. त्यांनी ते रेश्माच्या दाखल्यांच्या डब्यात जपून ठेवलंय. म्हणाल्या, "इंग्रजी कागद, कामाचा असंल म्हणून टाकला नाय." मी मागून घेतलं. आता माझ्यापुढे आहे.

माफी मागायला मला तोंड नाही. तरी मागतो. मी चुकलो, पोरी. वाईट चुकलो.

बाबा


टोकावडे,
सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

हर्षाली,

महिना झाला, तुझ्याकडून काही नाही. नसू दे. आईला तू भाऊबीजेला मावशीकडे भेटलीस. तिने मला एवढंच सांगितलं की तू बारीक झालीस आणि तुझ्या पर्समध्ये माझे धडे होते. 'सगळे?' असं मी तीनदा विचारलं. "मी काय मोजले नाय," म्हणाली. बोलते आता माझ्याशी. भात कापायला आलंय, न बोलून कसं चालेल?

आता धडे संपले. तुला येतं सगळं. मी उगाच लांबण लावली होती. पण एक काम नऊ वर्षं बाकी होतं. मी तुझं पत्र तपासलं, त्याला उत्तर दिलंच नाही. तू इंग्रजीत लिहिलेलंस म्हणून उत्तरही इंग्रजीत लिहायला बसलो. तीन वाक्यांपुढे सरकलो नाही. मग आपल्या भाषेत लिहिलं. बैल गेला आणि झोपा केला म्हणशील. पण तुझ्या हातात ते असावं. परीक्षेच्या आधी मिळावं म्हणून आजच टाकतो. तारीख तेव्हाची घातली आहे.

बाबा


(सोबतचा कागद)

टोकावडे,
२४ ऑक्टोबर २०१६

बाळ हर्षाली,

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. नऊ दिवस ताप म्हणजे फार झालं. घाबरू नकोस. हे पत्र मी पोस्टात टाकतोय खरा, पण ते पोचायच्या आधी मीच पोचेन. साडेतीनच्या गाडीने निघतो, मुक्कामाला नाशिक. मॅट्रन तुझं ऐकत नसतील तर माझं ऐकतील, मीही मास्तर आहे. पाणी उकळलेलं पी. सामान बांधायला उठू नकोस, मी बांधेन.

आईला सांगू नका म्हणालीस, पण मी सांगितलं. ती रडली, आणि रडता रडता तुझं अंथरूण घालायला लागली. दारातलीच जागा, वाऱ्याची.

नर्सिंग पुढे करायचं की नाही ते तू बरी झाल्यावर बघू. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. त्यांच्या तोंडाला कोण हात लावणार?

पत्र तपासलेलं नाही. वाचलं.

निघालो.

तुझा बाबा


टोकावडे, एसटी थांबा,
गुरुवार, १३ नोव्हेंबर २०२५

हर्षाली,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही, हातात द्यायचंय. पण कल्याणची गाडी यायला अर्धा तास आहे आणि हात गप्प बसेना, म्हणून पिशवीवर वही ठेवून लिहितोय. अक्षर वाकडं आलं तर मार्क काप.

तुझं कार्ड साडेनऊला आलं. पोस्टमनने सायकल थांबवायच्या आधीच हात वर केला आणि ओरडला, "आलं गुरुजी, आलं!" सगळ्या आळीला कळलं. एका बाजूला पत्ता. दुसऱ्या बाजूला इंग्रजीत दोनच ओळी. परीक्षा झाली, पूर्ण लिहिली. आणि खाली, नऊ वर्षांपूर्वीची तीच ओळ, त्याच शब्दांत: कम अँड ब्रिंग मी होम. शेवटी मार्कांसाठी एक गोल काढून ठेवलास, रिकामा.

आई हात पुसत आली. "काय लिवलंय?"

मी म्हटलं, "न्यायला या म्हणते."

तिने पदर कमरेला खोचला. मग एकदम सुरू झाली. "मंग हुबे काय ऱ्हायलाव? चप्पल घाला! कापनीचं काय ते मी बघीन." मी म्हटलं, अगं, आज तिची ड्युटी असेल, सुट्टी कधी आहे ते विचारून घेऊ का? तर म्हणाली, "इचारत बसू नका. सुट्टी नसंल तर दारात बसून ऱ्हा. चंद्रकला बसली व्हती अकरा दिस."

म्हणून निघालोय. ड्युटी असेल तर हॉस्पिटलच्या बाहेर बाक असेल, नसेल तर पायरी असेल. तू सावकाश ये.

निकालाचं आपल्या हातात नाही. पास झालीस तर आयर्लंडला जा. मी विमानतळावर सोडायला येईन, इंग्रजीत पाट्या वाचीन आणि एकही दुरुस्त करणार नाही. पण आधी घरी चल. नवा तांदूळ भरडून आणलाय, आईने पेजेला काढून ठेवलाय. तुझी जागा दारातलीच, वाऱ्याची.

एक राहिलं. या महिन्यात मी तुझ्या त्या ओळीवर पुष्कळ विचार केला. तू तेव्हा नाशिकला होतीस, म्हणून मी आणणं खोडून नेणं लिहिलं. पण तू नुसती अंगाने तिथे होतीस. मनाने तू आपल्या ओटीवरच उभी होतीस आणि तिथूनच म्हणत होतीस, मला आणा. मग ब्रिंगच बरोबर. तू चुकलीच नव्हतीस. हे आज मार्क वाढवायला सांगत नाही. मार्क द्यायचं पेन मी घरी कपाटात ठेवून आलोय.

हरेशने ढाब्यावरून चहा पाठवलाय. म्हणतो, गुरुजी कल्याणला पोरीला आणायला चालले म्हणून. एवढ्यात त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे. एका थर्मासात तुझ्यासाठीही दिलाय, तुझ्यापर्यंत गरम राहील म्हणतो.

गाडी दिसतेय वळणावर. बाकीचं तोंडी सांगतो.

बाबा